चाचांनी न कापलेली पानं

चाचांना जाऊन वर्ष होत आलं. माणूस गेल्यावर त्याच्यावरचा राग निवावा अशी अपेक्षा असते. माझा निवलेला नाही. कमी झाला असेल, पण तो वयाने. आता दमतो मी. पूर्वी एखाद्यावर चिडलो की आठवडाभर चिडलेला राहायचो, आता जेवण झालं की झोप येते.

माझा कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाळा आहे. अँगल, चॅनल, सळई. दुसऱ्याच्या गाळ्यावर ट्रकमधला माल मोजून घेणारा म्हणून लागलो आणि भांडत भांडत स्वतःच्या गाळ्यापर्यंत आलो. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही आणि मीही कोणाला देत नाही. भावावरून माझा आवाज चढला की शेजारचे गाळेवाले चहाचे कप घेऊन ऐकायला उभे राहतात. असा मी, आणि मला लिहायचं होतं. मोबाइलवर टाइप करत बसायचो. नोकरांना वाटायचं शेठ व्हॉट्सअॅपवर भाव टाकतायत. मी त्यांना तसंच वाटू दिलं. ट्रान्सपोर्टवाल्याच्या अंगावर धावून जाताना मला कधी भीती वाटली नाही, पण एक खरं वाक्य लिहिलं की वाटायची. हे कोणी वाचलं तर? आणि वाचून हसलं तर? मग पुसून टाकायचो.

चाचांचा छापखाना जुन्या पनवेलात, बाजारपेठेतल्या एका बोळात. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं, आणि वर्षातून एकदा दिवाळी अंक. मुसलमान माणूस दिवाळी अंक काढतो याचं बाहेरच्यांना नवल वाटायचं, पनवेलकरांना नाही. कोणी विचारलंच तर चाचा म्हणायचे, "गल्लीतल्या प्रत्येक घरातून फराळाचं ताट येतं. रिकामं ताट परत पाठवू?"

बारीक, उंच माणूस. पांढरी दाढी, शर्टाच्या खिशात चार पेनं, त्यांतलं एकच चालणारं. कोणतं ते त्यांनाही माहीत नसायचं. प्रत्येक वेळी चारही तळहातावर घासून बघायचे. त्यामुळे त्यांचा डावा तळहात कायम निळा. नमाजाच्या आधी तो घासून धुवायचे आणि परत आल्यावर पुन्हा निळा करायचे.

पनवेलमध्ये त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. ते गिऱ्हाइकाचे शब्द कापायचे. पत्रिका छापायला आलेल्या माणसाने मजकूर पुढे केला की चाचा चालणारं पेन शोधायचे आणि रेघा मारायला लागायचे. एकदा माझ्यासमोरच एक गृहस्थ आले होते. पत्रिकेच्या खाली त्यांना ते नेहमीचं हवं होतं, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' आणि त्याखाली भाचीचं नाव.

"हे भाची म्हणाली?" चाचांनी विचारलं.

"म्हणजे... तसं छापतात ना चाचा."

"म्हणाली का ते सांगा. घेऊन या तिला."

गृहस्थ रागावले, पण चाचांचा छापखाना स्वस्त होता. संध्याकाळी खरोखरच पाच-सहा वर्षांची मुलगी घेऊन आले. चाचांनी तिला खुर्चीवर बसवलं, बिस्किट दिलं. "बेटी, मामाच्या लग्नाला लोकांनी यावं असं तुला वाटतं का?"

मुलगी म्हणाली, "मला मामीच नको."

"हे छापू?" चाचांनी त्या गृहस्थांना विचारलं.

निवडणुकीचे लोकही सुटले नाहीत. 'कार्यसम्राट' असा शब्द घेऊन एक जण आला. "कोणतं कार्य?" असं विचारून चाचांनी पेन कानावर लावून ठेवलं आणि उत्तराची वाट बघत बसले. तो माणूस पुढच्या गल्लीत फ्लेक्स करून मोकळा झाला. अशी कितीतरी कामं गेली. घरचे वैतागायचे. चाचांचं म्हणणं एकच, "माझ्या मशीनमधून निघणार आहे. मला बघवायला नको?"

माझी त्यांची ओळख झाली तीही याच कारणाने. गाळा घेतल्यावर मी कार्डं छापायला गेलो. मजकूर मीच केला होता, 'लोखंड व पोलादाचे एकमेव विश्वासू व्यापारी'.

"बाकीचे सगळे चोर का?" चाचा म्हणाले.

"आहेतच."

"मग तसं लिहा. 'बाकीचे चोर'. कमी शब्दांत होतं."

मी भांडलो. त्यांनी भावात काही सोडलं नाही, शब्दांत मात्र काहीच शिल्लक ठेवलं नाही. शेवटी कार्डावर माझं नाव, गाळा नंबर आणि 'लोखंड' एवढंच राहिलं. ती कार्डं मी अजून वापरतो. तेव्हापासून ते मला शेठ म्हणायला लागले, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द आला की मला स्वतःच्या पोटाकडे बघावंसं वाटायचं.

दिवाळी अंकासाठी आलेला मजकूर ते छापखान्यात वाचत नसत. दुपारी कागद पिशवीत घालून एसटी स्टँडवर जायचे आणि बाकावर बसायचे. कुठेही जायचं नसायचं. गाड्यांचा धूर, लाउडस्पीकरवरच्या घोषणा, वेफर्सवाले, पोरं रडतायत, त्यात बसून वाचायचे. मी विचारलं तर म्हणाले, "शांत जागेत काहीही चांगलं वाटतं." सुकापूरच्या एका शिक्षिकेच्या कथेबद्दल ते एकदा म्हणाले होते, "पेणची गाडी लागली आणि सुटली, मला कळलंच नाही." ती बाई बिचारी बाकी काही नाही तरी ते वाक्य वर्षानुवर्षं सांगत होती. मला तसलं वाक्य कधी मिळालं नाही.

आता माझ्या रागाची गोष्ट सांगतो.

माझे वडील मिठागरावर कामाला होते. उरणच्या बाजूला आमचं गाव. मिठाच्या गोण्या काट्यावर चढवायच्या, काटेवाला वजन सांगणार, ते लिहिलं जाणार. काटेवाला वजन कमी सांगायचा. सगळ्यांना माहीत होतं. बाकीचे बाप्ये निदान कुरकुरायचे. माझा बाप मान खाली घालून म्हणायचा, "बरोबर हाय, शेठ." मी शेजारी उभा असायचो. माझा सगळा स्वभाव त्या काट्यापाशी घडला असं मला वाटतं. कोणी वजन सांगितलं की माझं डोकं तापतंच.

हे मला लिहायचं होतं. बाप, काटा, आणि घरी परत जाताना बांधावरून आम्ही दोघं गप्प चालत जायचो ते. चार पानं झाली. ती लिहून मी अनेक दिवस मोबाइल उलटा ठेवत होतो. बाजारात मला घाबरणारी माणसं हे वाचणार. गावात माझा थोरला भाऊ वाचणार. आमच्या घरात वडिलांचा फोटो हार घालून लावलेला आहे, गावच्या मंदिराच्या कामात त्यांचं नाव आहे. त्यांच्याबद्दल असं कोणी कधी बोललेलं नाही.

मग मी धंद्याची अक्कल चालवली. आमच्याकडे पहिला भाव खरा नसतो. गिऱ्हाईक तोडणार हे धरून वर सांगायचा, म्हणजे तोडल्यावर आपला जो आहे तो हाती राहतो. चाचा शब्द कापतात हे अख्ख्या पनवेलला ठाऊक होतं. मी चार पानांची वीस केली. सुरुवातीला खाडीवरचा सूर्योदय, चांगला तीन पानं. मग गावातला एक मास्तर आणि त्याचं प्रेमप्रकरण, ते मी पूर्णपणे बनवलं होतं. बगळे. भरती. एक म्हातारी सगळ्यांना उपदेश करते. बाप आणि काटा पार मागे, मास्तरच्या लग्नानंतर. माझा हिशेब सरळ होता. चाचा सूर्य काढतील, मास्तर काढतील, म्हातारी काढतील, मी थोडी खळखळ करीन, आणि शेवटी माझी चार पानं राहतील. तीही त्यांनी ठेवली म्हणून राहतील. उद्या कोणी बोललं तर सांगता येईल, संपादकांनी तेवढंच ठेवलं बाबा, मी तर कितीतरी लिहिलं होतं.

चाचांनी ती वीस पानं स्टँडवर वाचली. मी मुद्दाम त्या वेळी तिथून गेलो. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "शेठ, हे सगळं असंच ठेवायचं?"

मला वाटलं, सुरू झाला भाव. मी बाजारात जे म्हणतो तेच म्हणालो. "सगळं लागतंच चाचा. यातली एक ओळ काढता येणार नाही."

"बरं," चाचा म्हणाले, आणि कागद पिशवीत घातले.

मी वाट बघत राहिलो की आता परत विचारतील. आठवडा गेला, दुसरा गेला. मी दोनदा छापखान्यावरून हॉर्न वाजवत गेलो. मीच आत जाऊन विषय काढला असता तर माझा भाव पडला असता, म्हणून गेलो नाही. अंक आला तेव्हा त्यात वीसच्या वीस पानं होती. बगळ्यांसकट. खाली माझं पूर्ण नाव.

प्रकाशन वाचनालयाच्या हॉलमध्ये झालं. एक निवृत्त मुख्याध्यापक पाहुणे होते. त्यांनी माझ्या सूर्योदयाचं फार कौतुक केलं. लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या लेखणीतून असा कोवळा सूर्य उगवतो, वगैरे. टाळ्या पडल्या. मास्तरचं प्रेमप्रकरण एका बाईंना भावलं. वडिलांपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. आणि खरं सांगतो, पहिली पाच मिनिटं मला सुटल्यासारखं वाटलं. मग माझं डोकं तापायला लागलं ते घरी जाईपर्यंत तापलेलं होतं.

गावाला अंक पाठवला होता. भावाचा फोन आला. "वाचलं रं. सूर्य उगवतो तवर वाचलं. मंग आमाला पन कामं हायेत."

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात शिरलो तो ओरडतच. मशीन चालवणारा माणूस मशीन बंद करून बाहेर गेला.

"चाचा, पत्रिकेतला एक 'हं' तुम्हाला खपत नाही. माझा सूर्य तीन पानं चालला तो खपला?"

"बस शेठ."

"बसत नाही. कापलं का नाही तुम्ही?"

"तू म्हणालास एक ओळ काढता येणार नाही."

"ते म्हणायचं असतं! अहो तुम्ही पनवेलच्या बाजारात जन्म काढलात. पहिलं 'नाही' हे खरं 'नाही' असतं का कधी?"

"भाजीत नसतं," चाचा म्हणाले. "मला वाटलं लिहिण्यात असतं."

"मी कापायलाच ठेवलं होतं ते!"

"कोणतं?"

मी समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"सांग ना. विसांतलं कोणतं कापायचं होतं आणि कोणतं ठेवायचं होतं? आत्ता सांग, पुढच्या वर्षी तेवढंच छापतो."

माझ्या जिभेवर होतं. मागची चार पानं. तीन शब्द आहेत. बाजारात कोणाचाही बाप काढणारा मी, मला ते तीन शब्द बोलता आले नाहीत. मी म्हणालो, "तुम्ही संपादक आहात, तुम्हाला कळायला हवं."

चाचांनी निळा तळहात टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तो तेव्हाही चढला नाही. "कळलं होतं. त्यात एक माणूस काट्यापाशी मान खाली घालून उभा आहे. तू त्याच्यावर एवढं काय काय टाकलंयस, बगळे, मास्तर. झाकलंस त्याला. आणि आता मला म्हणतोस तुम्ही उघडा करा. माझा बाप आहे का तो?"

"मग छापायच्या आधी सांगायचं होतं."

"विचारलं होतं."

"एकदा विचारलंत!"

"तुला किती वेळा विचारायचं असतं?"

मी खुर्चीला लाथ मारून बाहेर आलो. माझी बिलबुकं मी त्या दिवसापासून दुसरीकडे छापून घ्यायला लागलो.

मला आजही वाटतं, त्यांनी चूक केली. शिकवण्याची ही रीत नव्हे. माणूस पहिल्यांदा काही घेऊन येतो, त्याची भरसभेत ही गत करायची? बाहेर कोणाला कळलं नाही, सगळे कौतुकच करत होते, पण मला तर कळत होतं. त्या मास्तरचं कौतुक ऐकताना मला जे वाटलं ते मी कोणाला सांगू शकत नव्हतो. चाचांना एक फोन करता आला असता. हे मी नंतर किती जणांना सांगितलं असेल. सगळे हसतात आणि म्हणतात, चाचा ग्रेट माणूस. बरं, असतील.

पण त्यानंतर माझी एक अडचण झाली. मी काही लिहायला बसलो की दोन-चार वाक्यांनंतर एखादा बगळा यायचा, आणि तो का आलाय ते मला कळायचं. आधी कळत नव्हतं तेच बरं होतं. जिथे भीती वाटायची तिथे माझं लिखाण सुंदर व्हायचं. आभाळाला रंग चढायचे. मग मी ते पुसायचो आणि खाली जे उरायचं ते मला वाचवत नसे. उठून गाळ्यावर कोणाशी तरी भांडायचो. काही वर्षं अशीच गेली. लोकांना वाटलं धंदा मंदा आहे म्हणून शेठ चिडतात.

ती चार पानं मी किती वेळा लिहिली ते मोजलं नाही. शेवटी ती तीनच झाली. शेवट बदलला नाही, सुरुवात फक्त काट्यापासून केली. गणपतीत गावाला गेलो तेव्हा भावाला बसवून वाचून दाखवली. तो ऐकता ऐकता उठला नाही, हे आधी सांगायला हवं. पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, "बापसाची अब्रू वेशीला टांगलीस. त्यो गप ऱ्हायला म्हनून आपन जेवलो. ह्ये लिवलंस का?"

मी म्हणालो, "ते तू सांग लोकांना. मी काट्यापाशी उभा होतो, मी तेवढंच सांगतोय."

"परत हितं पाय ठेवू नको."

आरतीला मी गेलो नाही. वहिनीने मोदक डब्यात घालून गाडीत ठेवले, भावाच्या नकळत.

तोपर्यंत छापखाना बंद झाला होता. पत्रिका मोबाइलवर गेल्या, अंक कोणी विकत घेईना. चाचा सुकापूरला मुलीकडे राहत होते, चौथ्या मजल्यावर. मी न कळवता गेलो. मुलीने दार उघडलं, ओळखलं. "अब्बा, कळंबोलीचे शेठ आलेत." आतून आवाज आला, "भांडायला का?"

खिडकीपाशी बसले होते. फारच बारीक झालेले. खिशात पेन नव्हतं, तळहात स्वच्छ होता, आणि तो तसा बघून मला बरं वाटलं नाही. कानात मशीन होतं. मी इकडचं तिकडचं काही बोललो नाही. इतक्या वर्षांनी आलोय, तब्येत कशी, काही नाही. "वाचतो," म्हणालो, आणि मोबाइल काढून वाचायला लागलो. तीन पानांना वेळ तो किती लागणार. खाली कोणाची तरी लिफ्ट उघडी राहिली होती, दरवाजा बंद करा म्हणून ती सारखी बोलत होती. मी वाचत राहिलो.

संपलं. मी मोबाइल गुडघ्यावर ठेवला.

चाचांनी मोबाइलकडे बघितलं. मग म्हणाले, "एवढंच?"

माझ्या धंद्यात गिऱ्हाईक 'एवढंच?' म्हणालं की हात आपोआप पुढे जातो. आणखी काहीतरी घालायचं, गिऱ्हाईक जाऊ द्यायचं नाही. मला सूर्योदय पाठ होता. म्हातारीचा उपदेशही आठवत होता. वहिनीचे मोदक, भावाचं म्हणणं, बाप गप्प राहिला म्हणून आम्ही जेवलो हे, सगळं तोंडाशी आलं. चाचांच्या मुलीने चहा आणून ठेवला आणि ती दारातच थांबली, कारण मी काहीतरी बोलणार असं तिलाही वाटलं.

"एवढंच," मी म्हणालो. "यात कमीजास्त नाही."

"भावाला दाखवलंस?"

"दाखवलं. गणपतीपासून बोलत नाही."

चाचांनी मान हलवली. छान म्हणाले नाहीत. वाईटही नाही. मी इतक्या वर्षांनी आलो होतो आणि माणूस एक शब्द द्यायला तयार नव्हता. माझं डोकं तापायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी कानातलं मशीन काढलं, फुंकर मारली, परत नीट बसवलं आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढून घेतली.

"परत वाच," म्हणाले.

पहिल्या वेळी त्यांना ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं म्हणून परत हवं होतं, ते मी विचारलं नाही. चहा तसाच ठेवला आणि काट्यापासून सुरुवात केली.